तेहेतिसावर गायलेली बाई

टेपवाल्या आप्पांचं म्हणणं असं, की तीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. दुकान गाणी भरून द्यायचं. गिऱ्हाइकानं परदेशी गाण्यांची यादी आणायची आणि आप्पांनी ती रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवायची. गिटार बडवणारे रॉकवाले, गोडगोड पॉपवाले, काळीज पिळवटून गाणारे सोलवाले, सगळे त्यांच्या फळीवर गुण्यागोविंदानं नांदत. शब्द आप्पांना बेताचेच कळायचे, पण कुठल्या गाण्यात सॅक्सोफोन कधी शिरतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. कुणी म्हणालं, आवाज फाटतोय, की आप्पा त्याला कान तपासून घ्यायला सांगत.

आता दुकान बंद होऊन जमाना झाला होता. त्या दुपारी आप्पा प्रसूतिगृहाच्या बाकावर बसले होते. आत एकुलती एक लेक अडली होती. जावई परगावाहून निघाला होता, पण अजून वाटेतच. लेकीची आई असती तर आत जाऊन बसली असती, पण ती जाऊन चार वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दमलीय हो फार. श्वास धरून ठेवतेय. अर्धा तास वाट बघते, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल."

तेवढ्यात दाराआडून गाणं सुरू झालं. एक पुरुष गात होता. खर्जातला, संथ आवाज, जगात कसली घाई म्हणून नाही. आप्पा कान टवकारून उठले. चाल ओळखीची, ठेका ओळखीचा, पण हा गाणारा कोण? आणि मग त्यांचे कान तापले. हे गाणं एका बाईचं होतं! त्या काळी पोरं यावर घाम निघेस्तोवर नाचायची. मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी ती छोटी रेकॉर्ड कुणा गाढवानं तेहेतिसाच्या वेगावर लावून भरली होती, आणि बाईचा पार बाप्या झाला होता.

गाढव कोण, तेही लगेच कळलं. आत खर्रर्र आवाज झाला, गाणं थांबलं, आणि मोठ्या सिस्टर कॅसेट घेऊन धावत बाहेर आल्या. फितीचं आतडं बाहेर लोंबत होतं. कॅसेटवरचं हिरव्या शाईतलं वळणदार अक्षर आप्पांचं स्वतःचं होतं.

"आप्पा, तुम्हीच भरून दिली होतीत ना ही?" सिस्टर म्हणाल्या. "बावीस वर्षं याच गाण्यावर बायकांना श्वास घ्यायला शिकवतेय मी. चार ठोके आत, चार ठोके बाहेर. तुमची लेक दोन महिने वर्गाला येत होती. तिला याच्याशिवाय जमेनासं झालंय हो!"

आप्पांना वाटलं, चला, देवानंच चूक सुधारायची संधी दिली. "त्यात काय," ते म्हणाले, "फोनवर आहे की! आणि याहून चांगलं आहे." त्यांनी गाणं शोधून दारातूनच लावलं. बाई खणखणीत आवाजात, योग्य वेगानं, तुताऱ्यांसकट गायला लागली.

"बाबा, बंद करा ते!" लेक आतून ओरडली. "कोण किंचाळतेय? मला आपला तो माणूस पाहिजे!"

आप्पांनी फोनवर वेग कमी करून पाहिला. पण फोन शहाणा, वेग उतरवला तरी आवाजाची पट्टी उतरू देईना. बाई बाईच राहिली, फक्त पेंगायला लागली.

मग मात्र आप्पांनी मान, अभिमान सगळा गिळला. कात्री मागितली, चिकटपट्टी मागितली, एक पेन्सिल मागितली. चुरगळलेली दोन बोटं फीत तिरकी कापली, टोकाला टोक भिडवलं, मागून पट्टी लावली. गाण्यातला जेमतेम एक ठोका गेला असेल. हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं होतं, पण आज जोड दोनदा तपासला. पेन्सिलीनं फीत गुंडाळून त्यांनी कॅसेट सिस्टरांच्या हातात दिली.

माणूस पुन्हा गायला लागला. आप्पा दाराला कान लावून उभे. लेकीचा पहिला श्वास चुकला, दुसरा चुकला, तिसरा ठेक्यावर बसला. बाहेर आप्पाही चार आत, चार बाहेर करत राहिले. "गा रे बाबा," ते पुटपुटले. "थांबू नकोस." गाणं संपलं की सिस्टर मागे नेऊन परत लावत. पाचव्या खेपेला त्या माणसाच्या वर एक कोवळा, संतापलेला आवाज चढला. नात झाली.

संध्याकाळी आप्पांना आत घेतलं. लेक थकलेली होती, पण हसत होती. "बाबा, कोण हो तो गायक? पाय धरले पाहिजेत त्याचे."

आप्पांनी खाली बघत सगळं सांगितलं. "असा माणूसच नाही गं जगात. मी चुकलो, म्हणून तो झाला."

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. "नाहीच? अहो, मी त्याच्यापायी दोन स्थळं नाकारली!" मग पदरानं डोळे पुसत हसल्या. "तुमचे उपकार आहेत, आप्पा. किती बायका सुटल्या त्या आवाजावर. बरं झालं चुकलात."

असं आप्पांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं. नातीला मांडीवर घेऊन ते ढसाढसा रडले. "नवी भरून देतो," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"सुधारून आणाल तर याद राखा!" सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी ती छोटी रेकॉर्ड शोधून पुसली आणि प्लेअरच्या फिरत्या तबकडीवर ठेवली. कव्हरवरच्या बाईची त्यांनी माफी मागितली, तिचे आभार मानले आणि बटण तेहेतिसावर सरकवलं.