करवतीवरची घंटा

बंदराच्या तोंडाशी खडकांची एक रांग होती. भरतीत ती पाण्याखाली जायची आणि होड्यांचे तळ चिरायची, म्हणून सगळे तिला करवत म्हणत. तिथे दीपस्तंभ हवा, असं वर्षानुवर्षं नुसतं बोललं जात होतं. मग धुक्यात प्रवासी बोट फुटली, निम्मी माणसं गेली, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

त्या बोटीचा तांडेल वाचला. त्याची बायको बुडाली. स्तंभ उभा राहिल्यावर तिथे राहायला कुणी तयार होईना. हा आपणहून गेला. दिवा लावायचा, काचा पुसायच्या, धुकं उतरलं की घंटा वाजवायची. किनाऱ्यावर येणं त्याने हळूहळू बंदच केलं.

पुढे घंटेऐवजी भोंगा बसवायचं ठरलं. बसवायला आला तो मिस्त्री म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"दाजी, आता बास. घरी चला," हत्यारं मांडत तो म्हणाला. "दाढीत पाखरं घरटं करतील."

"तू आपले नट आवळ."

दुपारी धुकं आलं. कठडासुद्धा दिसेना. तांडेलाने दोर ओढला. घंटेचा नाद विरला आणि खालून, पाण्यालगतून, बाईचा आवाज आला.

"अहो, आलं का बंदर?"

मिस्त्रीच्या हातातला पाना गळून पडला. आवाज अक्काचा होता.

तांडेल वाकून हळुवार म्हणाला, "नाही गं. वेळ आहे अजून. बस तू."

"दाजी... हे काय?"

"त्या दिवशीही तिने हेच विचारलं. मी म्हटलं, आलंच, सामान घेऊन ये. ती खाली गेली आणि बोट करवतीवर आपटली. आता 'आलं' म्हणायची हिंमत होत नाही रे. धुकं पडलं की विचारते. तेवढंच आमचं बोलणं."

पुन्हा तोच प्रश्न आला, थंडीने कापरा झालेला. मिस्त्रीला राहवेना. कठड्यावर ओणवून तो ओरडला, "अक्का, आलं बंदर! उतर, मी आलोय न्यायला!"

खडकांवर ओली पावलं वाजली आणि किनाऱ्याच्या दिशेने लांब गेली.

तांडेलाने हात सोलवटेपर्यंत घंटा बडवली. उत्तर नाही. "कुणी सांगितलं होतं तुला मध्ये तोंड घालायला?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

भोंगा लावून मिस्त्री घरी पोचला. बायकोने दार उघडलं. अक्का गेल्यावर लग्न होऊन आलेली ती, नणंदेला तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या खांद्यावरून मागे बघत ती म्हणाली, "अगंबाई, ह्यांना बाहेर काय उभं केलंत? पार भिजल्यात की."

मिस्त्रीने मागे वळून बघितलं नाही. तो दारातून बाजूला झाला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तांडेलाच्या जागी राहायला एका नव्या रखवालदाराला घेऊन तो पुन्हा करवतीवर गेला.

"दाजी, अक्का माझ्याकडे आलीय. चुलीपुढे बसलीय. बोलत नाही."

तांडेल त्याच्याकडे वळला.

"अजून ओलीच आहे?"

"हो."

तांडेलाने खाटेवरची कोरडी घोंगडी उचलली, पोटाशी धरली आणि होडीत उतरला.