सव्विसावं हाड

पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सात गुण पडले. शरीररचनेची नावं तिच्या डोक्यात टिकतच नव्हती. रात्री पाठ केलेली सकाळी गुल. अंगकाठीने इतकी बारीक, की घरात आणि वर्गातही सगळे तिला टाचणीच म्हणायचे.

जीवशास्त्राच्या बाई फटकळ होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. पेपर हातात देताना त्या म्हणाल्या, "नावं पाठ होत नसतील तर निदान हाडं जुळव. प्रकल्पाचे दहा गुण तरी पदरात पडतील." आणि त्यांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला.

त्या डब्याची ख्याती अख्ख्या शाळेला ठाऊक होती. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात माणसाचा खराखुरा सांगाडा लोखंडी दांड्याला टांगलेला होता. सहा वर्षांपूर्वी खोली बदलताना तो कोसळला आणि त्याचा डावा हात आणि डावं पाऊल सुटं झालं. हात पुन्हा तारेने बांधला गेला. पाऊल मात्र कुणालाच जमलं नाही, म्हणून त्याची हाडं डब्यात गेली. दर वर्षी कुणीतरी हौसेने डबा उघडायचं आणि आठवड्याभरात हात टेकायचं.

"पुढच्या गुरुवारी वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक प्रात्यक्षिकं बघायला येणार आहेत," बाई म्हणाल्या. "तोवर जमलं तर बघ."

शनिवारी टाचणी डबा घरी घेऊन आली. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या वडिलांचं दुकान होतं. ते मापाचे बूट शिवायचे, तेही साधे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाच्या टाचेचं हाड वाढलेलं, अशी गिऱ्हाइकं दूरदूरहून त्यांच्याकडे यायची. फळीवर पावलांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. वर्गात वडिलांच्या धंद्याचा विषय निघाला की टाचणी पटकन दुसरंच काही बोलायची.

वडिलांनी डब्यात डोकावून पाहिलं. "माणसाचं आहे?"

"हो."

ते उठले, साबण लावून हात धुतले, कोरडे केले आणि मग पहिलं हाड उचललं. "कुणीतरी याच्यावर आयुष्यभर चाललंय गं. नीट धर, आपटू नकोस."

त्यांनी एका परातीत ओली वाळू पसरली. टाचणीने पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवलं. आधी टाचेचं दणकट हाड. त्याच्यावर घोट्याचं. पुढे होडीच्या आकाराचं. बोटांची हाडं तर सोपीच होती, लांबीवरून लागली. दुपारपर्यंत पंचवीस हाडं जागेवर बसली आणि गंमत म्हणजे त्यांची नावंही तिच्या तोंडात बसली. चित्रात बघून जी नावं निसटायची, ती बोटांनी चाचपल्यावर चिकटली.

अडलं ते शेवटच्या हाडाशी. पावलाच्या मध्यावर कमान असते, आणि त्या कमानीत तीन पाचरीसारखी हाडं एकमेकांना खेटून बसतात. दोन सापडली होती. त्यांच्यामधली तिसऱ्या हाडाची जागा रिकामी होती आणि हातात एकच हाड उरलं होतं. तिने ते बसवलं. ते डगमगलं. उलटं करून बसवलं, तरी डगमगलं.

वडिलांनी वरून अंगठ्याने दाबलं, मग ते हाड उचलून उजेडात फिरवलं. "याला एका बाजूला गोल डोकं आहे बघ. पाचरीला डोकं कशाला हवं? पाचर चारी बाजूंनी सपाट असते, तरच कमान तोलते. हे हाड पावलाचं नाही."

"पण बाबा, पुस्तकात सव्वीस आहेत. डब्यातही मोजून सव्वीस!"

"मोजदाद जुळली म्हणजे माल जुळला असं थोडंच आहे? सहा जोड बूट मागवले आणि त्यात एक बूट परक्या जोडीतला निघाला, तरी आकडा बाराच येतो."

सोमवारी तिने वर्गात हे सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "स्वतः नापास झालीस, आता हाडांनाही नापास करतेस?" वर्ग खो खो हसला. टाचणीचे कान लाल झाले. पण या वेळी ती गप्प बसून राहिली नाही. मधल्या सुट्टीत ती सरळ प्रयोगशाळेत गेली.

गोल डोक्याला खळगा लागतोच. मग या डोक्याचा खळगा कुठे असेल? खांदा, खुबा? छे, तिथली हाडं केवढी मोठी! तिने सांगाडा मानेपासून खाली चाचपायला सुरुवात केली. मंगळवारची मधली सुट्टीही त्यातच गेली. बुधवारी तिने सांगाड्याचे दोन्ही पंजे हातात घेऊन हलवले आणि थबकली. उजवं मनगट अलगद वाकत होतं. डावं अडखळत होतं.

तिने दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरली. उजव्या मनगटाच्या मधोमध एक गोल डोक्याचं हाड होतं, वाटीत लिंबू बसावं तसं बसलेलं. डाव्या मनगटात त्याच जागी तारेने जखडलेलं होतं एक सपाट, पाचरीसारखं हाड.

प्रयोगशाळेची देखभाल करणारे काका मागे येऊन उभे राहिले होते. तिने दाखवलं तसे ते जवळच्या स्टुलावर बसले.

"पडला तेव्हा हाताचा आणि पायाचा एकच ढीग झाला होता," ते म्हणाले. "बाई रजेवर होत्या. मीच बांधला तो हात. एक हाड बसेना, म्हणून तार जरा जास्त आवळली." मग ते म्हणाले, "तू सांग त्यांना. माझं नाव घेतलंस तरी चालेल."

गुरुवारी प्राध्यापक आले. उंच, पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. टाचणीने परातीसकट शाळेत आणलेलं वाळूतलं पाऊल पाहून त्यांनी विचारलं, "मधलं एक कुठे आहे?"

"सर, ते हातात आहे," टाचणी म्हणाली.

"बघू, दे."

"माझ्या नाही सर. त्याच्या." तिने सांगाड्याकडे बोट दाखवलं.

कुणीतरी फिसकन हसलं. बाई पुढे झाल्या, पण प्राध्यापकांनी हात वर केला. ते सांगाड्यापाशी गेले, वाकून डावं मनगट पाहिलं, मग उजवं, मग पुन्हा डावं.

"पक्कड आहे का?" त्यांनी विचारलं.

काकांनी खिशातूनच काढून दिली. ते तयारीनेच आले होते. "चूक माझी आहे साहेब," ते म्हणाले. तार कट्‌कन तुटली. प्राध्यापकांनी ते हाड टाचणीच्या तळहातावर ठेवलं. "तूच बसव."

तिने ते कमानीत सोडलं. ते असं बसलं, जणू कधी उठलंच नव्हतं. प्राध्यापकांनी वरून तळहात ठेवून जोर दिला. एकही हाड हललं नाही. मग तिने गोल डोक्याचं हाड मनगटाच्या खळग्यात धरलं आणि डावा पंजा हलवला. तो उजव्यासारखाच अलगद वाकला.

"दोन वर्षं मी याच सांगाड्यासमोर उभं राहून मुलांना गुण दिले," प्राध्यापक म्हणाले. "माझ्याही लक्षात आलं नाही. तुला कुणी शिकवलं हे?"

टाचणीने एकदा वर्गाकडे पाहिलं. "माझे बाबा बूट शिवतात," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "वाकड्या पावलांचे. कमान कशी तोलते ते त्यांनी दाखवलं. मनगट मी शोधलं."

"मग आता नावं सांग. सगळी."

तिने टाचेपासून करंगळीपर्यंत सव्वीसच्या सव्वीस हाडांची नावं बोट ठेवून सांगितली. एकदाही अडली नाही. काकांनी आधी टाळी वाजवली आणि मग अख्ख्या वर्गाने प्रयोगशाळा डोक्यावर घेतली.

मग बाई टाचणीपाशी आल्या. "सोमवारी मी तुला हसले. चुकलं माझं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आणि सहा वर्षं मी पोरांना त्या मनगटावरून शिकवत आलेय. ते निस्तरायला हवं. उद्याचा बारावीचा तास तू घ्यायचा."

"मी? बारावीचा?"

"मग कोण, मी? मला तर ते हाड ओळखता आलं नाही!"

दुसऱ्या दिवशी टाचणीने खडू उचलला आणि फळ्यावर मनगटाचं चित्र काढलं. समोर तिच्याहून मोठी चाळीस मुलं बसली होती. तिने दोन्ही पंजे उचलून दाखवले, एकेक हाड मुलांच्या हातात फिरवलं आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर भीती कुठल्या कुठे पळाली. शेवटच्या बाकावर बाई वही उघडून बसल्या होत्या. तासाच्या मध्यावर त्यांनी हात वर केला.

"बाई," त्या टाचणीला म्हणाल्या, "ते मनगटाचं पुन्हा एकदा सांगा. जरा सावकाश."