सुमंगलाताईंची शुगर

"एक तरी घ्या की ताई. एका भज्यानं काय होतंय?" राजेश्रीनं तेलकट पुडा पुढं धरला.

"नको गं. शुगर हाय ना," म्हणत सुमंगलेनं आपला डबा उघडला. मोडाचे मूग, वर कांदा आणि लिंबू.

"आग्रह करू नका त्यांना," पलीकडच्या टेबलावरून सिताराम काका म्हणाले. "पथ्य पाळायल्यात, ते बरं हाय."

शुगर वगैरे काही नव्हती. परभणीतल्या त्या सरकारी कार्यालयात दुपारच्या चहाबरोबर मिरची भजे यायचे आणि रोज एकेकाची पाळी असायची. पाळी आली की सगळ्यांचा खर्च त्याच्या खिशातून. साहेबांपासून शिपायापर्यंत कुणाची सुटका नव्हती. सुमंगला कंत्राटी संगणक ऑपरेटर. नवरा महारुद्र विनाअनुदानित शाळेत शिकवायचा; अनुदान येणार येणार म्हणता त्याचे केस पिकले, पगार काही आला नाही. पेडगावातलं घर तिच्या एकटीच्या पगारावर. पाळी देणं परवडेना आणि न देता दुसऱ्याचं खाणं जिवावर येई. बरं, नुसतं 'नको' म्हणून भागतं थोडंच! आपल्याकडं नको म्हणणाऱ्याच्या ताटात दोन जास्त पडतात. आजारी माणूस तेवढा सुटतो. म्हणून ती एक दिवस आजारी पडली. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय, म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी ज्वारीच्या लाह्या झाल्या, शेंगदाणे भाजले गेले, हरभरे भिजले. पैसे वाचले, वर कौतुकही झालं. राजेश्रीनं मोड आणायची पद्धत विचारून घेतली. सिताराम काका मात्र रोज विचारायचे, "गोळी घेतली का?" त्यांची बायको शुगरनंच गेली होती; आधी पाय कापावा लागला होता. विचारताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की सुमंगलेला त्यांच्याकडं बघवत नसे. तरी ती मान हलवायची. घेतली म्हणायची.

मार्च संपत आला तशी बातमी आली की नव्या करारात एकच ऑपरेटर राहणार आणि त्याला गावोगावच्या शिबिरांना जावं लागणार. कार्यालयात ऑपरेटर दोघी. स्वरदा नवखी, सुमंगला जुनी आणि कामाला वाघ. ठेवायच्या यादीत आपलंच नाव जाणार, असं तिनं घरी सांगूनही टाकलं होतं. यादीत नाव गेलं स्वरदाचं.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब भला माणूस होता, हीच तर पंचाईत.

"ताई, पाथरी, पोखर्णी, उन्हातान्हात फिरायचं. जेवणाचा पत्ता नसतो. तुमच्या तब्येतीला झेपणार नाही. सितारामनी सांगितलं मला सगळं."

"मला शुगर न्हाई, साहेब."

"असं लपवू नये, ताई."

"तपासा माझं रक्त. आत्ता तपासा! काहीच झालेलं न्हाई मला. भज्याची पाळी परवडत नव्हती, म्हणून म्हणाले तसं!"

दार उघडं होतं. बाहेरचे कीबोर्ड थांबले. एवढे दिवस जपलेली गोष्ट ती ओरडून सांगून बसली होती आणि आता तिला लाजही वाटत नव्हती, फक्त भीती वाटत होती.

साहेबांनी चष्मा काढला. "यादी कालच वर गेली. आता माझ्या हातात नाही."

"घरात दुसरा पगार न्हाई हो, साहेब."



ती बाहेर आली. कुणी मान वर केली नाही. सिताराम काका माठाजवळच्या बाकावर डोकं धरून बसले होते.

"उन्हानंच बिघडली होती हो आमच्या हिची तब्येत," ते म्हणाले. "तुमचं तसं नको व्हायला म्हणून बोललो मी साहेबाला. आराम पडंल म्हणलं. माय, काय करून बसलो मी!" आणि ते लहान लेकरासारखे रडायला लागले.

सुमंगलेला त्यांचा संताप आला. गदागदा हलवावं, तुम्हाला कुणी सांगितला होता शहाणपणा, असं विचारावं वाटलं. शब्द ओठापर्यंत आले. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. महारुद्रचा होता. नाव आलं का, हेच विचारायला असणार.

फोन वाजत राहिला. तिनं माठातून पेला भरला आणि काकांच्या पुढं धरला.

"घ्या काका," ती म्हणाली. "पाणी प्या अगोदर."