मॅनेजरचा डोळा

आमच्या सलूनमध्ये दोघं कामाला: आमचे हे आणि मॅनेजर. हे केस कापतात आणि मॅनेजर खुर्चीखाली त्याच केसांत ताणून देतो. मॅनेजर म्हणजे कुत्रा. गिऱ्हाइकांना विचाराल तर दोघांत जास्त कामाचा तोच.

त्या दिवशी सकाळपासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारत होता. गिऱ्हाइकं खूश. एकाने तर त्याला उलट डोळा मारला. मी टॉवेल वाळत घालता घालता म्हटलं, त्याच्या डोळ्यातून पाणी गळतंय, ही काही थट्टा नाही. यावर हे म्हणाले की बायकांना गंमत म्हणून कळत नाही.

दुपारी मॅनेजर पंजाने डोळा घासायला लागला, तेव्हा यांची गंमत संपली आणि डॉक्टरकी सुरू झाली. सासूबाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांचे थेंब सलूनमागच्या आमच्या घरात होतेच. डोळा तो डोळा, असा यांचा हिशेब. पण सासूबाई पडल्या कवडीचुंबक. जळकी आगकाडीसुद्धा जपून ठेवणाऱ्या. त्यांनी बाटली कमरेच्या बटव्यात टाकली आणि वर बटव्यावर हात ठेवून बसल्या. मुलाने विनवलं, मी विनवलं, बाई ढिम्म. मी आत जाऊन भांडी आपटली आणि मनातल्या मनात त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मॅनेजरने तोंड वर केलं. आरशावर वाफ धरावी तसं त्याचं बुबुळ निळसर धुरकट झालं होतं. मी यांना हाक मारली. हे वस्तरा टाकून उठले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी झाली होती, पण गाडी त्याचीच, म्हणून त्यालाही फेसासकट नेलं. एकटीला घरात सोडता काय, म्हणत सासूबाईही मागे चढल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंग घालून दिवा धरला. बुबुळावर हिरवी रेघ चमकली. जखम होती ती. मग डोळा बधिर करून त्यांनी पापणीआडून चिमट्याने एक केस ओढून काढला. आखूड, राठ. दाढीचा. अर्ध्या दाढीवाल्याने हळूच गालावर हात ठेवला.

घरचं काही घातलं का, असं त्यांनी विचारलं. हे पुटपुटले की घालणार होतो, पण आईने दिलं नाही. बाईंनी बाटली बघायला मागितली. सासूबाईंनी ती जिवावर आल्यासारखी काढली आणि हातात न देता लांबूनच दाखवली.

"यात स्टेरॉइड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या जखमेवर पडलं असतं तर डोळाच गेला असता. पुन्हा कधी डोळा अचानक मिटला, लाल झाला, धुरकट दिसला, तर घरी काही करू नका. त्याच दिवशी घेऊन या."

मला रडूच फुटलं. दिवसभर ज्या कंजूषपणाला शिव्या घातल्या, त्यानेच आमचा डोळा राखला होता. मी सासूबाईंचे पाय धरणार, तोच त्यांनी मॅनेजरच्या नव्या थेंबांची बाटली मुलाच्या हातातून काढून घेतली.

"हे माझ्याजवळ राहू दे. तुझा काही भरवसा नाही."

घरी आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडून बटव्याला दुसरा कप्पा शिवून घेतला, आणि एकही वेळ न चुकवता थेंब स्वतः घातले. मॅनेजर बरा झाला, पण सलूनमध्ये परत आला नाही. तो आता सासूबाईंच्या खाटेखाली झोपतो आणि आमचे हे जवळून गेले, की दोन्ही डोळे उघडून ते पुढे जाईपर्यंत बघत राहतो.