दाजींच्या होडीचा तळ

दाजींच्या होडीचा तळ स्वच्छ निघाला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ते स्वतःचा चष्मासुद्धा ताईकडून पुसून घेतात. आठ महिने लांबच्या बंदरात नुसती उभी असलेली त्यांची होडी आमच्या खाडीत आली, तेव्हा बंदर खात्याच्या तपासनिसाने काठीला बांधलेला कॅमेरा पाण्यात बुडवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तळ आहे की आरसा!" लगेच शिक्का. दाजींनी चेहरा असा केला, की त्या आरशात तेच दिसत असावेत.

या खाडीत तराफ्याखाली दोर लटकतात आणि दोरांवर आईचे शिंपले. दीड वर्ष वाढवलेले, पुढच्या आठवड्यात काढायचे. खात्याच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. पिवळट, सायीसारखा बुळबुळीत प्राणी परक्या समुद्रातून होड्यांना चिकटून येतो, शिंपल्यांवर गोधडीसारखा पसरतो आणि त्यांना गुदमरवतो. तुकडा पाडला तर तुकड्याचा वेगळा संसार सुरू. कुठे सापडला की खाडी बंद, माल जागेवर. नव्या भाडेकरूकडे बघावं तसं आई त्या पोस्टरकडे बघते.

आठ महिने पाण्यात उभ्या होडीच्या तळाला काहीच चिकटलं नाही, हे कसं? मी अंदाज बांधू लागलो. होडी चोरीची असेल. दाजींच्या दोन होड्या असतील, एक दाखवायची आणि एक खायची. किंवा हे दाजीच नसतील.

"तुला ना, कोणाचं चांगलं बघवत नाही," ताई म्हणाली.

"चांगलं बघवतं गं. पटत नाही एवढंच."

आई काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की समजावं, कोणाचं तरी काही खरं नाही. पण जावयाला खडसावता येत नाही, म्हणून तिने दुपारच्या जेवणात गोड बोलायला घेतलं.

"जावईबापू, तळ कोणाकडून करून घेतलात? फार सुरेख केलाय."

"कोणाकडून कशाला, आई? स्वतः केला!"

ताईचा घास हातातच राहिला. आठ वर्षांच्या संसारात तिने हे वाक्य ऐकलं नव्हतं.

"तिकडेच केलात?"

"छे, इथेच. परवा खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला, डुबकी मारली आणि खरवडून काढलं. असा गचाळ तळ घेऊन सासुरवाडीला यायचं? लोक काय म्हणतील?"

"आणि खरवडलेलं?"

"समुद्राचं समुद्राला."

"रंग कसा होता हो?" आईने भात वाढत विचारलं.

"पिवळट. साय असते ना, तशी. तुकडे तुकडे होऊन भरतीबरोबर आत तरंगत गेले. छान दिसत होतं."

आईने भाताचं भांडं खाली ठेवलं. जेवण तिथेच संपलं.

तराफ्यावर मी बाहेरच्या कडेचा दोर ओढला. शिंपल्यांवर पिवळे ठिपके होते, आंघोळीनंतर साबण राहावा तसे. आतल्या दोरांवर काही नव्हतं.

"कोणाला कळणार आहे?" दाजी हळूच म्हणाले.

आईने तपासनिसाला फोन लावला.

तो आला, ठिपके पाहिले, होडी पाहिली आणि खूप विचार केल्यासारखा उभा राहिला. "होडी स्वच्छ. मीच पास केलीय. दोर घाण. म्हणजे कीड तुमच्याकडची, बाई. खाडी बंद, सगळे दोर जप्त." मग दाजींकडे वळून म्हणाला, "तुम्ही होडी जरा लांब घ्या, साहेब. लागण व्हायची."

दाजी खरंच होडी लांब घ्यायला निघाले.

मी तोंड उघडलं, पण आईने माझा दंड दाबला. ती ताईकडे बघत होती. होडी अडकली तर दाजींचा हंगाम बुडणार, म्हणजे ताईचाही. ताईने एकदा आईच्या दोरांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे.

"साहेब," ती म्हणाली, "कॅमेरा सुकाणूच्या मागे घाला. वरवर दिसत नाही तिथे यांचा हात जात नाही."

"अगं!" दाजी म्हणाले.

"अहो!" ताई म्हणाली, आणि विषय मिटला.

पडद्यावर सुकाणूमागे पिवळी गोधडी लोंबत होती. तपासनीस बराच वेळ पडदा पुसत राहिला, डाग पडद्यावर असेल या आशेने. शेवटी त्याने होडी अडकवली, बाहेरचे दोर जाळायला सांगितले आणि आतले आजच्या आज काढायची परवानगी दिली. शिंपले अजून आठवडाभर भरले असते. पण हाती लागतंय ते सोडेल ती आई कसली.

आम्ही दोर ओढू लागलो. थोड्या वेळाने दाजी बाह्या सरसावून आले. "मी पण येतो, आई."

"या ना, जावईबापू. इथे मधोमध बसा," आई गोड आवाजात म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन: "तू दोर सोड. नुसतं त्यांच्या हातांकडे बघत बस."