ओल्या फडक्यावर एक तास

मित्रांनो, मी एक म्हातारी गोगलगाय आहे. वय सहा वर्षं. हसू नका, आमच्यात एवढं जगणं म्हणजे फार झालं. माझ्या शंखावर पांढऱ्या रंगात एकोणीस हा आकडा आहे. नाव म्हणाल तर तेवढंच.

एकाच आईची आम्ही चाळीस अंडी. जी आधी फुटली त्यांनी शेजारची अंडी खाल्ली. मीही खाल्लं. पोटात पहिला घास गेला तो माझ्याच भावंडाचा. त्याची टोचणी अजून जात नाही.

उरलो ते एका प्रयोगशाळेत, झाकणाच्या डब्यात वाढलो. तिथे अभ्यास करणारी एक ताई आम्हाला कोबीची पानं आणि शंख मजबूत व्हावा म्हणून खडूचा तुकडा द्यायची. तिला एकच कोडं पडलं होतं. आई एक, डबा एक, खाणं एक. तरी निम्मी भावंडं आठ महिन्यांत मोठी झाली, अंडी घालून मरूनही गेली. आम्ही अकरा जणी मात्र रेंगाळलो. मला मेलीला कसली म्हणून घाईच नव्हती.

मग हवा कोरडी पडली. अशा वेळी आम्ही डब्याला चिकटून शंखाच्या तोंडावर चिकट पडदा ओढतो आणि आत आक्रसून झोपतो. बाहेरून पाहणाऱ्याला जिवंत की मेलेली, काही कळत नाही.

त्याच सुमारास ताईचे वडील आजारी पडले आणि ती गावी गेली. मागे प्रयोगशाळेतले काका होते. माणूस नेकीचा, हात स्वच्छ, कामात कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्यांची जुनी रीत होती: गोगलगाय ओल्या फडक्यावर एक तास ठेवायची. बाहेर आली तर जिवंत, नाही तर मेली. मेलेलीचा शंख उकळत्या पाण्यात साफ करून खणात कापसावर ठेवायचा.

आम्हा अकरा जणींना त्यांनी ओळीने मांडलं. ओल आत झिरपली. मला जाग येत होती, पण अंग हलेना. शेजारी अठरावी होती. तिचा पडदा मऊ पडून हलला, ते मला फडक्यातून जाणवलं. तेवढ्यात तास भरला.

पातेलं लहान होतं. त्यात दहा मावल्या. मी फडक्यावर राहिले, आणि माझं एक शिंग बाहेर आलं. काकांनी ते पाहिलं. त्यांनी झटकन गॅस बंद केला, पण उशीर झाला होता.

ताई परतली तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, दहा जणी माझ्या हातून गेल्या. तासात हलल्या नाहीत, म्हणून मेल्या समजलो."

ताईने खण उघडून कापसावरचे दहा शंख पाहिले. मग तिने विचारलं, "एकोणिसावी किती वेळाने बाहेर आली?"

"एक तास, पाच मिनिटं."

त्यांतल्या काही आधीच मेलेल्या असतील, असं म्हणून तिने त्यांची समजूत काढली. काकांनी तोच आधार धरला. साफसफाई करताना ते मला हळूच विचारायचे, मेल्याच असतील ना गं त्या? मला बोलता येत नाही, हे बरंच झालं. त्या खणाजवळ मला ठेवलं की मी आक्रसून जाते. तिथे माझ्या माणसांचा वासही उरलेला नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या आईच्या अकरा जणी अशाच झोपी गेल्या. काकांनी त्यांना फडक्यावर ठेवलं आणि तीन दिवस फडकं सुकू दिलं नाही. पहिल्या दिवशी दोन बाहेर आल्या, दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी उरलेल्या तिघीही आल्या. अकराच्या अकरा जिवंत.

ताईने आनंदाने टाळी वाजवली. काका मात्र स्टुलावर बसले आणि तोंडावर हात ठेवून रडले.

मित्रांनो, कुणी उठायला वेळ लावत असेल, तर त्याच्यापाशी आणखी थोडं थांबा.