जोडी एकाच बोलीत

नियम क्रमांक चार ओमेरनं स्वतः लिहिला होता, तोही रागाच्या भरात. सहा वर्षांपूर्वी पश्चिम फ्लांडर्समधल्या कबूतरवाल्यांनी मिळून इंटरनेटवर लिलावाचं पान सुरू केलं आणि पहिल्याच हंगामात लोकांनी त्याचा पोरखेळ करून टाकला. बोली मनासारखी चढली नाही की विकणारा कबूतर मागे घ्यायचा. म्हणे पाखरू आजारी पडलं, म्हणे बायको नको म्हणते. मग ओमेर, शेजारचा जेरार आणि आणखी एक जण असे तिघे जेरारच्या स्वयंपाकघरात बसले आणि त्यांनी नऊ नियम केले. त्यातला चौथा असा, की पहिली बोली लागल्यावर पक्षी मागे घेता येणार नाही, त्यात काही बदल करता येणार नाही, कारण कोणतंही असो.

‘कारण कोणतंही असो’ हे शब्द ओमेरचे.

"अरे, एखाद्याचं खरंच काही अडलेलं असेल," जेरार म्हणाला होता.

"खरं अडलेलं आणि खोटं अडलेलं तू कसं ओळखणार? तोंड बघून? तिथं तोंड दिसत नाही."

दोन वर्षांपूर्वी रोझा नावाच्या एका विधवेच्या मुलानं बापाची लाडकी मादी चुकून लिलावात टाकली. बाईनं ओमेरला दोन ओळी लिहून विनवणी केली. ओमेरनं एका ओळीत कळवलं, नियम सर्वांना सारखे. त्याची बायको मारिएट खांद्यावरून वाचत होती.

"दगड आहेस नुसता," ती म्हणाली.

"दगड आहे म्हणून तर पान चाललंय."

ही मारिएट गेल्या फेब्रुवारीत गेली. इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात तिनं मुलीबद्दल फार काही सांगितलं नाही, घराबद्दल तर काहीच नाही. बोलली ती दोन कबूतरांबद्दल. निळी नावाची मादी पिल्लू असतानाच तिच्या आईला ससाण्यानं नेलं होतं. मारिएटनं ते पिल्लू चुलीशेजारी टोपलीत ठेवून, भिजवलेले वाटाणे एकेक करून चोचीत घालून जगवलं. पुढे तिची जोडी जमली ती पाद्रीशी. मानेभोवती पांढरा पट्टा असल्यामुळे त्या नराला सगळे पाद्री म्हणत. सात वर्षं दोघं एकमेकांची होती.

"तू एकटा काही कबूतरखाना सांभाळणार नाहीस, मला ठाऊक आहे," मारिएट म्हणाली. "बाकीची कुणालाही दे. पण ही दोघं एका घरी दे. शब्द दे मला."

ओमेर शब्दबिब्द देणाऱ्यातला माणूस नव्हता. पण त्यानं दिला.

उन्हाळ्यात त्याचा खुबा मोडला आणि गेंटला राहणाऱ्या लीव्हनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, वृद्धाश्रमात खोली ठरवली. खोली चांगली होती, खिडकीतून चर्चचा मनोरा दिसायचा. पाखरं मात्र चालणार नव्हती, पिंजऱ्यातली कॅनरीसुद्धा नाही. ओमेरनं लीव्हला चार दिवस घालूनपाडून बोलून घेतलं आणि पाचव्या दिवशी कबूतरं लिलावात मांडायला बसला.

त्याची चूक झाली ती इथंच, आणि ती चूक आमच्याकडचा कबूतरवालाच करू जाणे. शर्यतीची कबूतरं आम्ही ‘विधुर’ ठेवतो. नर एका खोलीत, माद्या दुसऱ्या खोलीत, आठवडाभर भेट नाही. शर्यतीसाठी नराला टोपलीत घालण्याआधी पाच मिनिटं त्याची मादी दाखवायची, बस्स. मग फ्रान्सात कुठंतरी सोडलेला तो नर तिच्या ओढीनं जिवाच्या आकांतानं घर गाठतो. म्हणून वह्याही दोन असतात, नरांची एक आणि माद्यांची एक. ओमेरनं चाळीस वर्षांच्या सवयीनं आधी नरांची वही उघडली आणि पायातल्या कड्यांचे आकडे एकामागून एक भरत सुटला. मग माद्यांची वही घेतली. एकूण चव्वेचाळीस पक्षी, प्रत्येकाची बोली वेगळी. काम वेळेत उरकलं म्हणून तो स्वतःवर खूश होऊन कॉफी करायला उठला.

कॉफी गाळून होईस्तोवर जेरारचा फोन आला.

"ओमेर, पाद्री एकटाच कसा रे? मला वाटलं, जोडी देणार आहेस."

ओमेरच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. जोडी विकायची असेल तर ती एकाच बोलीत मांडायची, हा नियम क्रमांक दोन. तो त्याला तोंडपाठ होता. पान उघडून बघेपर्यंत पाद्रीवर लिंबुर्गच्या कुणा लुडोची बोली लागली होती आणि निळीवर खाडीपलीकडच्या झीलंडमधल्या एका बाईची.

"काढून टाक ना," जेरार म्हणाला. "तिघांतले दोघं आपण. मी हो म्हणतो, तू हो म्हण, झालं."

"आणि रोझाला काय सांगू?"

"रोझाला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

जेरार आवाज खाली आणून म्हणाला, "मग मी लावतो बोली दोन्हींवर. माझ्या नावानं घेतो, नंतर तू तुला हव्या त्या घरी दे. कुणाला कळणार नाही."

विकणाऱ्यानं आपल्याच पक्ष्यावर बोली लावू नये, दुसऱ्याकरवीही लावू नये. हा सातवा नियम जेरारचा होता आणि तो मोडायला तो आपणहून तयार झाला होता. ओमेरला त्याच्याबद्दल इतकं वाटलं की त्यानं त्याला शिवी दिली आणि फोन ठेवला.

आठवडाभर तो पान उघडत राहिला. लुडो निळीवरही बोली लावेल, किंवा ती बाई पाद्रीवर लावेल, निदान देवाला तेवढी अक्कल सुचेल, असं त्याला वाटत होतं. मध्ये पत्र लिहून सांगावं तर लिलाव चालू असताना बोली लावणाऱ्यांशी खाजगीत बोलायलाही बंदी. ती बंदी कुणाची? त्यांचीच. रविवारी आठ वाजता लिलाव संपला. पाद्री लिंबुर्गला गेला, निळी झीलंडला. विकलेला पक्षी परत मागणं म्हणजे चौथा नियम मागच्या दारानं मोडणं, म्हणून ओमेरनं तेही केलं नाही. मंगळवारी गाड्या येऊन टोपल्या घेऊन गेल्या. ओमेर घरातून बाहेर आला नाही, जेरारनंच पक्षी मोजून दिले. त्या दिवसापासून ओमेर मारिएटच्या फोटोसमोरून जाताना खाली बघून जायचा.

तीन आठवड्यांनी, घर सोडायला सहा दिवस उरले असताना, सकाळी अकराच्या सुमारास छपरावर पंख वाजले. ओमेरनं न बघताच ओळखलं. चाळीस वर्षं तो त्या आवाजाची वाट बघत अंगणात बसला होता.

कबूतरखान्याच्या फळ्यासुद्धा विकल्या होत्या, आत नुसत्या भिंती होत्या. त्यानं काठी टेकत जाऊन दार उघडलं. पाद्री सरळ आत शिरला आणि जिथं त्याचा खण होता त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. छाती फुगवून घुमला. गोल फिरला, पुन्हा घुमला, आणि मान वाकडी करून थांबला. दर शर्यतीनंतर तो असाच यायचा आणि निळी तिथं असायची. सात वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं की तो आला आणि ती नाही.

ओमेर तिथंच उपड्या बादलीवर बसला. भिंतीवर शर्यतींत जिंकलेले कप मांडलेले होते तेव्हा त्याला कधी सुचलं नव्हतं ते आज सुचलं. ह्या पाखराच्या ओढीवर आपण नाव कमावलं, आणि ही ओढ म्हणजे काय ते आपल्याला फेब्रुवारीपर्यंत माहीतच नव्हतं. तो रडला. मारिएटच्या मातीलाही तो इतका रडला नव्हता.

विकलेलं कबूतर परत आलं तर दोन दिवसांत कळवायचं, हा आठवा नियम. ओमेरनं दहा मिनिटांत कळवलं.

"हो हो, छपराची खिडकी राहिली उघडी," लुडो फोनवर म्हणाला. "पण मी काही तेवढ्यासाठी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचो नाही. पळणारं पाखरू ते, पुन्हा पळेल. तुमचं तुम्ही उरकून टाका."

उरकून टाका म्हणजे मान मुरगळा. आमच्यात हे कुणी फोड करून सांगत नाही.

"मग माझ्या नावावर करून द्या," ओमेर म्हणाला. "पानावर. लेखी."

"एवढ्याशा पाखराला लेखी?"

"लेखी."

लुडोनं लिहून दिलं. जेरारनं ते वाचलं आणि तसाच चपला घालून धावत आला. "अरे, मग त्या झीलंडच्या बाईला विचार की! आता लिलाव नाही, काही नाही. पाखरू तुझं आहे, तू कुणालाही फुकट दे."

ओमेरच्या मनातही तेच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला ते खरं वाटलं. बाईचं नाव कॉरी. फोनवर ती म्हणाली, "आणा ना. जागा आहे. येताय तर जेवूनच जा."

निळी कशी आहे, हे त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाढी केली, मारिएटच्या माहेरच्या लग्नांना घालायचा तो कोट घातला आणि टोपली पुढच्या सीटवर पट्ट्यानं बांधून निघाला. खाडीखालच्या बोगद्यात अंधार होताच पाद्री फडफडला. "आलंच बाबा, आलंच," ओमेर त्याला म्हणाला. बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत तो त्याच्याशी बोलत होता, आणि बोलताना चक्क हसत होता.

कॉरी पन्नाशीची, मोठ्या हातांची, बडबडी बाई निघाली. कबूतरखाना आरशासारखा लख्ख होता. ओमेरनं सवयीनं पाणी बघितलं, दाणे बघितले, कोपरे बघितले, आणि त्याला बरं वाटलं.

"तुमची निळी ती बघा, वरच्या रांगेत."

निळी मातीच्या पसरट भांड्यात बसली होती, अंग सैल सोडून, पिसं पसरून. ओमेर तिथंच थांबला. असं बसलेलं कबूतर म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"अंडी घालून सहा. आली तशी दोन-तीन दिवस गप्प होती बिचारी. मग ह्या तांबड्याशी जमलं. काय म्हणता, जमेल तितक्या लवकर जोडी लावलेली बरी ना?"

"बरोबर केलंत," ओमेर म्हणाला. त्यानं स्वतः शेकडो वेळा हेच केलं होतं.

तो टोपली उघडू नका म्हणणार, तोच कॉरीनं कडी काढली. पाद्री उडाला तो थेट वरच्या रांगेवर. घुमला, मान लववली, तिच्याभोवती पाऊल टाकलं. निळीनं मान वळवली. तिनं त्याला बघितलं, आणि पंखाचा एक सणसणीत फटका मारला. तो मागे सरला, पुन्हा पुढे झाला. तिनं पुन्हा मारलं आणि पोट अंड्यांवर घट्ट दाबून बसली. तेवढ्यात तांबडा आला आणि त्यानं पाद्रीला फळीवरून खाली लोटलं.

"अरे देवा," कॉरी म्हणाली. "ही दोघं... तुम्ही जोडी होती म्हणून आणलंत का? मला वाटलं, नुसता एक नर देताय. बोलला असतात तर... मी काढते ती अंडी. आठवडाभर दोघांना एका खणात कोंडू, आठवतं त्यांना."

मोह झाला नाही असं नाही. ओमेरनं अंड्यांकडे बघितलं. मग निळीकडे बघितलं. भिजवलेल्या वाटाण्यावर जगलेलं ते पाखरू चांगलं गुबगुबीत झालं होतं.

"नको," तो म्हणाला. "ती सुखानं बसलीये. उठवू नका. ह्याला पलीकडच्या खोलीत ठेवा आणि दुसरी मादी द्या."

"आणि नाही घेतली त्यानं?"

"घेईल. आणि त्याला बाहेर मात्र कधी सोडू नका. सुटला की तो माझ्या घरी जाईल, आणि सोमवारपासून तिथं कुणी नाही."

कॉरीनं वाटाण्याचं सूप आणि काळा पाव पुढे केला. ओमेरनं दोन चमचे घेतले, छान झालंय म्हणाला आणि उठला. पाद्रीला भेटायला तो परत गेला नाही.

गाडीत बसून किल्ली फिरवणार तोच लीव्हचा फोन आला. जेरारनं तिला सगळं सांगितलं होतं. ती रस्त्यात कुठेतरी चालता चालता बोलत होती, धापा टाकत होती.

"बाबा, पोचलात? दिलात का त्याला? ती बाई ठेवून घेतेय ना?"

"घेतेय."

"म्हणजे दोघं एका घरी?"

ओमेरनं कबूतरखान्याकडे पाहिलं. एका छपराखाली दोन दारं होती.

"हो," तो म्हणाला. "दोघं एका घरी."

लीव्ह रडायलाच लागली. "आईला दिलेला शब्द पाळलात तुम्ही, बाबा. केवढी खूश झाली असती ती!"

ओमेर फोन कानाशी धरून मुलीचं रडं थांबेपर्यंत नुसती मान हलवत राहिला.